ऑनलाइन अर्ज केल्यावर पुढे नक्की काय होतं? कुणीच काही कळवत का नाही?

सेक्टर१९_कोपरखैरणे

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मी कस्टम्स डॉक्युमेंटेशनमधली. न्हावा शेवा बंदराच्या कामात १८ वर्षं झाली, सगळी वाशीतल्या एकाच सीएचएकडे, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एजंटकडे. पार्टीकडून (म्हणजे माल मागवणाऱ्या कंपनीकडून) इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाजाची मालपावती) आलं की चेकलिस्ट बनवायची, ती मंजूर करून घ्यायची, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा फॉर्म) फाइल करायचं, कस्टम्सची क्वेरी आली तर उत्तर द्यायचं, आउट ऑफ चार्ज होईपर्यंत, म्हणजे माल सुटेपर्यंत, पाठपुरावा करायचा. एक्स्पोर्टची शिपिंग बिलं आणि ड्रॉबॅक, रोडटेप असे परतावे हेही मीच बघायचे. जी कार्डाची परीक्षा पास आहे; सीएचएच्या माणसाला कस्टम्समध्ये काम करण्यासाठी ते कार्ड मिळतं. आमच्या शेठचं वय झालं, मुलगा या धंद्यात नाही, म्हणून त्यांनी ऑफिस बंद केलं. सगळ्यांचा हिशेब चोख दिला. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तेव्हापासून अर्ज करतेय. मिस्टर महापेला शिफ्टला गेले आणि मुलगी कॉलेजला गेली की लॅपटॉप उघडून बसते. अर्ज भरणं हेच एक पूर्ण वेळेचं काम झालंय.

मोठ्या कंपनीची जाहिरात दिसली की आधी तिच्या साइटवर खातं उघडा. पासवर्डमध्ये मोठं अक्षर, आकडा, चिन्ह. मग बायोडेटा अपलोड करा. तो अपलोड झाला की तीच माहिती पुन्हा रकान्यांत भरायला सांगतात. मशीनने आधीच थोडी भरलेली असते, आणि ती बरोबर असेलच असं नाही. एका ठिकाणी माझ्या कंपनीच्या नावाच्या रकान्यात 'वाशी' आलं होतं आणि पदाच्या रकान्यात बी.कॉम. ते सगळं पुसून नव्याने भरलं, तेवढ्यात 'सेशन संपलं' असा मेसेज आला आणि पान पहिल्यापासून सुरू झालं.

रकानेही असे असतात की माझ्यासारखीला खरं उत्तर देता येत नाही. 'सध्याचा पगार' सक्तीचा आहे. सध्या नोकरी नाही, पण शून्य टाकलं तर फॉर्म पुढे सरकत नाही. जुना पगार टाकला की खाली नोटीस पीरियड विचारतात. प्रमाणपत्रांच्या यादीत परदेशातले कोर्स दिसतात, जी कार्ड दिसत नाही. ज्या कागदावर माझी सगळी लाइन चालते त्याला तिथे जागाच नाही. शहर निवडायला मुंबई, ठाणे, नवी मुंबई, रायगड असे वेगवेगळे पर्याय. मी राहते कोपरखैरण्याला, म्हणजे ठाणे जिल्हा. कस्टम हाउस आणि सीएफएस (कंटेनर ठेवायची यार्डं) उरण तालुक्यात, म्हणजे रायगड. मग विचारतात, 'स्थलांतराची तयारी आहे का?' अहो, मी १८ वर्षं तिथलंच काम करतेय, आणि २०२४ पासून तर उरणपर्यंत लोकल जाते!

एकदा मुलाखत आली म्हणून आनंद झाला. लिंक उघडली तर समोर माणूसच नाही. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला काही सेकंद, मग रेकॉर्डिंग सुरू, कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतंय आणि मला माझाच चेहरा दिसतोय. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं. मधेच थांबून 'जरा आवाज येतोय हो' म्हणायचं तरी कुणाला? बोलत राहिले. पुढे काही कळलं नाही.

हे 'पुढे काही कळलं नाही' मला सगळ्यात जास्त लागतं. नकार आला तर चालेल. वय ४३ आहे, मोठ्या ऑफिसचा अनुभव नाही, कुणाला पगार बसत नसेल, मला सगळं समजतं. पण अर्ज केला की 'आपला अर्ज मिळाला, कृपया या मेलला उत्तर देऊ नये' असा मेल येतो आणि त्यानंतर शांतता. काही आठवड्यांनी तीच जाहिरात नव्या तारखेने पुन्हा दिसते. मग वाटतं, माझा अर्ज कुणी उघडला तरी का?

आमच्या कामात २०२० पासून फेसलेस असेसमेंट आलं. बिल न्हावा शेवाला फाइल होतं, तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असतो, त्याचं नाव आम्हाला कळत नाही. सुरुवातीला आमच्या ऑफिसमध्ये सगळे धास्तावले होते. पण तिथे क्वेरी येते. कॅटलॉग जोडा, हा एचएस कोड (मालाच्या वर्गाचा नंबर) कशावरून लावला, किमतीचा आधार द्या, असं स्पष्ट लिहून येतं. आपण ऑनलाइन ई-संचितवर कागद चढवतो आणि उत्तर देतो. बिल कुठल्या टप्प्यावर आहे ते कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर दिसतं. माणूस न दिसताही हे सगळं होऊ शकतं, मी रोज करत होते. मालाच्या पेटीला जे उत्तर मिळतं ते माणसाच्या अर्जाला का मिळू नये?

तर माझे प्रश्न: अर्ज गेल्यावर पलीकडे नक्की काय घडतं? मशीनच नाकारतं का? आणि माझ्या लाइनमध्ये या पोर्टलांवर वेळ घालवण्यात अर्थ आहे का? भरतीच्या कामातलं कुणी इथे असेल तर कृपया खरं खरं सांगा.

---

ऐरोली_फ्रेशर

ताई, अगदी माझीच कथा. मी मेकॅनिकल डिप्लोमा, २०२४ पास. 'फ्रेशर' लिहिलेल्या जागेला २ वर्षांचा अनुभव मागतात. उत्तराचं तर सोडाच, पण नंबर टाकल्यापासून भलतेच फोन यायला लागलेत. विमा, क्रेडिट कार्ड, आणि टेलिग्रामवर 'घरबसल्या रेटिंग द्या, रोज पैसे मिळवा'. एकाने ऑफर लेटरसुद्धा पाठवलं, नामांकित कंपनीचा लोगो वगैरे, आणि लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून पैसे मागितले. पप्पांनी त्या कंपनीच्या रबाळ्याच्या गेटवर जाऊन विचारलं तर अशी जागाच नव्हती. तुम्हीपण जपून.

---

वागळे_इस्टेट_एचआर

ताई, मी ठाण्यात एका इंजिनीअरिंग कंपनीत भरती बघते. तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून आमच्या बाजूला जसं चालतं तसंच सांगते. सगळीकडे तंतोतंत असंच असेल असं नाही.

मशीन नाकारतं का? बायोडेटा वाचून, गुण देऊन आपोआप नाकारणं मी तरी फार पाहिलेलं नाही. पण फॉर्ममधले हो-नाहीचे प्रश्न नीट बघा. 'स्थलांतराची तयारी आहे का', 'अमुक वर्षांचा अनुभव आहे का', 'अपेक्षित पगार'. त्यातल्या काहींना चाळणी लावलेली असते. तिथे उत्तर बसलं नाही की अर्ज बाजूला जातो, माणसापर्यंत पोचतच नाही. म्हणून उरणसाठी 'तयारी आहे' असंच निवडा. तुम्ही रोज जाऊ शकता, तेव्हा ते उत्तर खरंच आहे. आवडीच्या ठिकाणांमध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबई, रायगड चारही टाका. आम्ही शोधताना एकच शहर निवडतो आणि बाकीचे उमेदवार आम्हाला दिसतही नाहीत.

चाळणीतून उरले तरी एका जागेला शेकड्यांनी अर्ज असतात. मी आधी आलेले आधी लावते आणि वरून वाचत जाते. आठ-दहा बरी माणसं मिळाली की ती खात्याच्या मॅनेजरकडे जातात आणि माझं वाचणं तिथेच थांबतं. खालचे अर्ज वाईट म्हणून राहिलेले नसतात, ते वाचलेलेच नसतात. म्हणून जाहिरात आल्या आल्या, पहिल्या एक-दोन दिवसांत अर्ज करा. नोकरीच्या साइटवर तुमचं प्रोफाइल असेल तर त्यात दर आठवड्याला काहीतरी बदलून सेव्ह करा. 'अलीकडे सक्रिय' हा फिल्टर आम्ही सगळेच वापरतो.

तीच जाहिरात पुन्हा का दिसते? कधी निवडलेला माणूस दुसरीकडची ऑफर घेऊन येत नाही. कधी बजेट थांबतं, जागा 'होल्ड'वर जाते आणि जाहिरात कुणी काढत नाही. कधी ओळखीतून माणूस आधीच ठरलेला असतो आणि नियम म्हणून जाहिरात द्यावी लागते. हे शेवटचं मला स्वतःला पटत नाही, पण होतं.

बायोडेट्याबद्दल, तुमच्या कंपनीच्या जागी 'वाशी' आलं त्यावरून वाटतं की मांडणी दोन रकान्यांची असावी, किंवा त्यात टेबल असेल. एक तपासणी करा. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जसा तिथे दिसेल साधारण तसाच मशीन वाचतं. ओळी एकमेकींत मिसळल्या असतील तर सरळ एका रकान्यात, वरून खाली, साधा वर्ड बायोडेटा बनवा. नाव आणि फोन हेडरमध्ये ठेवू नका, काही मशीन हेडर सोडून देतात. आणि एकाच गोष्टीची दोन्ही नावं लिहा: सीएचए आणि कस्टम्स ब्रोकर, बिल ऑफ एंट्री आणि बीओई. भरती करणारी मुलगी बहुतेक वेळा तुमच्या लाइनमधली नसते. तिला मॅनेजरने जो शब्द दिला तोच ती शोधते.

सध्याच्या पगाराच्या जागी शेवटचा पगार टाका, नोटीस 'तात्काळ' निवडा आणि मोकळी जागा मिळेल तिथे एका ओळीत लिहा की फर्म बंद झाली. फर्म बंद होणं हे अगदी मान्य कारण आहे.

ऐरोलीच्या दादाला, नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप, काहीही नाव असो. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० वर फोन करायचा, सायबर फसवणुकीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

---

कळव्याचे_काका

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून निवृत्त झालो. आमच्या वेळी ठाण्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं, कार्ड मिळायचं, ठरावीक मुदतीने ते रिन्यू करायचं. १९५९ चा कायदा होता. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीनेही रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती मात्र नव्हती, त्यामुळे कॉलची वाट बघण्यात आमचीही वर्षं गेली. जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण कारखान्याच्या गेटवर अर्ज दिला की टाइम ऑफिसमधला माणूस आवक क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा, आणि महिन्याने जाऊन तो क्रमांक सांगितला की 'जागा भरली' एवढं तरी तोंडावर सांगायचा.

आता एक्स्चेंजचं काम महास्वयम पोर्टलवर आलं आहे. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे. दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे, करून ठेव. जिल्ह्याच्या केंद्रातर्फे पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे भरतात, तिथे कंपनीची माणसं समोर टेबलावर बसलेली असतात. बायोडेट्याच्या प्रती घेऊन जा, पोरी. १८ वर्षं एका ठिकाणी टिकलेलं माणूस आहे हे तुला बघितल्यावर लोकांना कळेल.

---

सेक्टर१९_कोपरखैरणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एचआर ताई, नोटपॅडची तपासणी लगेच केली. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डावीकडच्या पट्टीतला पत्ता आणि उजवीकडचा अनुभव एकमेकांत मिसळून येतोय. हा नमुना एका नोकरीच्या साइटनेच 'प्रोफेशनल' म्हणून दिलेला होता. जी साइट अर्ज मशीनकडे पाठवते तिनेच मशीनला न वाचता येणारा नमुना द्यायचा, याचा खरंच राग आला. माझ्यासारख्या कितीजणी तो वापरत असतील.

काका, आवक क्रमांकाचं तुम्ही लिहिलंत तेच मला म्हणायचं होतं. महास्वयमवर आज नोंदणी करते आणि मेळाव्याची तारीखही बघते.

'खालचे अर्ज वाचलेलेच नसतात' हे वाचून आधी वाईट वाटलं, मग जरा हलकंही वाटलं. इतके दिवस मी समजत होते की कुणीतरी माझं काम बघून नको म्हणतंय. रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, मग तू स्वतःला कशाला दोष देत होतीस. एचआर ताई, एकच विचारते. ज्यांना घेणार नाही त्यांना एक ओळ पाठवायला एवढं अवघड काय असतं?

---

बेलापूर_सी_फ्रेट

मॅडम, मी सीबीडीत फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑपरेशन्सला आहे. आपल्या लाइनचं वेगळं आहे, म्हणून लिहितो.

मोठ्या कंपन्यांची पोर्टलवरची जाहिरात हेड ऑफिसचं एचआर टाकतं, ते असतं दुसऱ्या राज्यात. इथल्या ब्रँच मॅनेजरला आलेले अर्ज कधीकधी दिसतही नाहीत. त्याच वेळी त्याचा एक डॉक्युमेंटेशनचा माणूस सोडून गेलेला असतो आणि तो सगळ्यांना फोन करून विचारत असतो, 'कोणी आहे का?' आमच्याकडे गेल्या काही वर्षांत जी माणसं लागली ती जवळजवळ सगळी अशीच. सर्व्हेयर, सीएफएसचा माणूस, ट्रान्सपोर्टवाला, दुसऱ्या सीएचएचा जी कार्डवाला यांच्या तोंडी निरोपावर. तुम्ही १८ वर्षं ज्या पार्टींचं काम केलंत त्यांचे इम्पोर्ट मॅनेजर तुम्हाला आवाजावरून ओळखत असतील. त्यांनाच आधी फोन करा. शेठचं ऑफिस बंद झालं म्हणजे त्या पार्ट्यांचं काम कुठल्या तरी दुसऱ्या ब्रोकरकडे गेलंय. त्या ब्रोकरला त्यांच्या फायली माहीत असलेलं माणूस हवंच असणार.

परवानाधारक कस्टम ब्रोकरांच्या याद्या कस्टम्सच्या साइटवर मिळतात. बृहन्मुंबई कस्टम ब्रोकर्स असोसिएशनचे सभासद बेलापूर-वाशीत भरपूर आहेत. जी कार्डाचं बोलायचं तर कार्ड ब्रोकरच्या नावाशी बांधलेलं असतं, पण पास झालेली परीक्षा तुमची स्वतःची. नव्या ब्रोकरकडे लागलात की कस्टम्सच्या मंजुरीने नवं कार्ड मिळतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. हे बायोडेट्यात पहिल्या तीन ओळींत घाला, कारण नवख्या ब्रोकरसाठी जी कार्ड पास माणूस म्हणजे मोठी सोय.

आणि 'डॉक्युमेंटेशन हँडल केलं' असं मोघम लिहू नका. बिल ऑफ एंट्री उशिरा फाइल झालं तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये लागतात, तुम्हाला पाठ असेल. तुम्ही जहाज यायच्या आधी बिल फाइल करून किती पार्टींचा तो खर्च वाचवलात, कुठल्या चॅप्टरचा (एचएस कोडच्या वर्गाचा) माल जास्त बघितलात, केमिकल की मशिनरी की कापड, डीपीडीचं (बंदरातून थेट माल उचलण्याचं) काम केलंत का, क्वेरीला उत्तरं स्वतः ड्राफ्ट करायचात का, हे लिहा. मी माणूस बघताना एवढंच बघतो. वय ४३ असेल तर आमच्यासाठी चांगलंच आहे. फेसलेसच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही बघितलेली माणसं कमी होत चाललीत.

पोर्टल पूर्ण सोडू नका, कारण मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांच्या एक्झिम (आयात-निर्यात) खात्यात तिथूनच शिरता येतं. पण दिवसातला एखादा तास पोर्टलला, बाकी वेळ फोनला.

---

सेक्टर१९_कोपरखैरणे

दादा, केमिकल आणि मशिनरी, मुख्यतः चॅप्टर २९, ३८ आणि ८४. क्वेरीची उत्तरं मीच ड्राफ्ट करायचे, शेठ फक्त नजर टाकायचे. पार्टींना फोन करायला आतापर्यंत संकोच वाटत होता, त्यांना वाटेल कामासाठी गळ घालतेय. तुम्ही सांगितलंत ते पटलं. उद्यापासून सुरू करते, महाड आणि तारापूरच्या पार्ट्यांपासून.

---

वागळे_इस्टेट_एचआर

ताई, तुमचा एक ओळीचा प्रश्न राहिला होता. खरं सांगायचं तर अवघड काहीच नाही. आमच्या सिस्टिममध्ये जागा बंद केली की उरलेल्या सगळ्यांना एकदम मेल जातो, एक बटण आहे. पण जागा रीतसर बंद करत नाहीत, 'होल्ड'वर ठेवतात, म्हणजे मेल जात नाही. शिवाय मॅनेजरना वाटतं, निवडलेला माणूस आला नाही तर यांच्यातलंच कुणी बोलावता येईल, मग नकार कशाला कळवायचा.

---

सेक्टर१९_कोपरखैरणे

मग त्या मेलमध्ये कारण घालता येईल का? मोठं काही नको. 'जागा भरली', 'पगार बसत नाही', 'या प्रकारचा अनुभव हवा होता', यातलं एखादं. म्हणजे माणसाला पुढचा अर्ज कसा करायचा ते तरी कळेल.

---

वागळे_इस्टेट_एचआर

ताई, ती यादी सिस्टिममध्ये आधीपासून आहे. अर्ज नाकारताना आम्हाला कारण निवडावंच लागतं, त्याशिवाय फाइल पुढे जात नाही. ते कारण आमच्याच रिपोर्टमध्ये राहतं, उमेदवाराला दाखवायचं की नाही ती सेटिंग कंपनीने बंद ठेवलेली आहे. सोमवारी आमची भरतीची बैठक असते. ती सेटिंग चालू करा असं मी तिथे लेखी मांडते, आणि तुमचं क्वेरीचं उदाहरण तुमची ओळख न सांगता त्यात घालते. चालेल ना?

---

सेक्टर१९_कोपरखैरणे

चालेल काय, जरूर घाला. काय ठरतं ते इथे कळवा, 'नाही' म्हणाले तरी कळवा.